आजीची आठवण आणि गावाची आठवण : खान्देशात मौखिक इतिहास गोळा करताना नेहमी पडणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी नोंदवत मी बरीच वर्षं फिरतो आहे. सोबत कधी कॉलेजची मुलं असतात, कधी शिक्षक, कधी फक्त आपल्याच आजीचं बोलणं जपून ठेवायला आलेली एखादी नात. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि कामातून सापडलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

मौखिक इतिहास म्हणजे आजोबांच्या गप्पाच ना?

सुरुवात गप्पांतूनच होते. पण सांगणाऱ्याने जे स्वतः जगलं ते ठरवून विचारायचं, त्याच्या परवानगीने नोंदवायचं, कोणी, कुठे, कोणत्या तारखेला सांगितलं हे त्यासोबत लिहायचं आणि उद्या दुसऱ्या कोणाला तपासता येईल असं जपायचं, एवढं केलं की त्याचा मौखिक इतिहास होतो. कानबाई या खान्देशातल्या देवीची कहाणी किंवा गढीतून नदीपर्यंत जाणाऱ्या भुयाराची गोष्ट ही मौखिक परंपरा आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते आणि तिला एकच एक साक्षीदार नसतो. तिचंही मोल मोठं आहे. फक्त वही वेगळी ठेवा.

माणसाची स्वतःची आठवण आणि सगळ्या गावाची आठवण यांत फरक कसा ओळखायचा?

नंदुरबारचं उदाहरण घेऊ. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे विद्यार्थ्यांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती हुतात्मा झाले. शिरीषकुमार तेव्हा पंधरा वर्षांचा होता. नंदुरबारच्या मुलांना हे पाठ असतं. चौकातलं स्मारक, दरवर्षीचा अभिवादनाचा कार्यक्रम, शाळेतलं भाषण यांतून ही गोष्ट घडत आणि घट्ट होत आली आहे. ही सार्वजनिक आठवण.

त्याच दिवसाबद्दल एखाद्या घरात विचारलं तर वेगळंच ऐकू येतं. कोणाच्या आईने दार आतून लावून घेतलं होतं. कोणाच्या घरी दोन दिवस मोठ्याने बोलायला बंदी होती. कोणाच्या वडिलांना जन्मभर एक सल राहिला, कारण ते मिरवणुकीत होते आणि पळाले. तो पळालेला मुलगा स्मारकावर कुठेच नाही. त्याची आठवण घरातच राहिली आणि घरातच संपत चालली आहे.

सार्वजनिक आठवणीत वाक्यं तयार असतात, क्रम ठरलेला असतो, सांगणाऱ्याचा आवाजही जरा उंच लागतो. स्वतःची आठवण अडखळत येते. तिच्यात वास असतो, कुठे उभा होतो ते असतं, पायात चप्पल होती की नाही ते असतं. मात्र ही खूण पक्की समजू नका. एखाद्याने आपलीच गोष्ट चाळीस वर्षं सांगितली असेल तर तीही तयार वाक्यांत येते.

सार्वजनिक आठवण खोटी आणि घरातली खरी, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. गावाने एकत्र येऊन काहीतरी जपायचं ठरवलं, याला फार किंमत आहे. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्कामाला होते. त्या मुक्कामाच्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तिथे लोकांची रीघ लागते. त्या गर्दीत बाबासाहेबांना पाहिलेलं कोणी नसतं. पण आजा आला होता, बाप आला होता, म्हणून मी आलो, असं सांगणारे असतात. बंगल्याची आठवण सगळ्यांची झाली. आजाचा हात धरून डोंगर चढल्याची आठवण त्या माणसाची एकट्याची आहे. तुम्ही दोन्ही विचारा.

आजोबा त्यांच्या जन्माआधीची घटना डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. ते खोटं बोलतात का?

नाही. यावल-रावेरकडे हे हमखास घडतं. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते, गांधीजी आले होते, सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची होती आणि व्यवस्थेचा भार धनाजी नाना चौधरींनी उचलला होता. आज ज्यांचं वय पंच्याऐंशी आहे त्यांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. तरी एक आजोबा मला सांगत होते, "आम्ही गाडी जुंपली, रातभर चाललो, पहाटे पोचलो." गाडी त्यांच्या वडिलांनी जुंपली होती. ती गोष्ट ओसरीवर इतक्यांदा सांगितली गेली की मुलगाही त्या गाडीत जाऊन बसला.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्ब्वाक्स याने १९२५ मध्येच मांडलं होतं की माणूस एकटा आठवत नाही. घर, धर्म, भोवतालचा समाज यांच्या चौकटीत बसूनच तो आठवतो. आपल्याकडे ओसरीवर दहा मिनिटं बसलं तरी हे कळतं.

यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट आपल्या भाषेतच आहे. सर्वनामं ऐका. मराठीत "आम्ही" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो आणि "आपण" म्हटलं की तो आत येतो. सांगणारा "मी" वरून "आम्ही" वर गेला की त्याच्या आठवणीत घर किंवा गल्ली शिरली असं समजा. "आपण" वर आला की तो तुम्हालाही त्या आठवणीत ओढतो आहे. आपली जात, आपला तालुका, आपला देश, यांपैकी काय ते पुढच्या वाक्यात कळतं. "लोक म्हणायचे" असं आलं की तो अंग काढून घेतो आहे. पळून गेलेल्या मुलाची गोष्ट बहुधा "लोक पळाले" अशी सुरू होते आणि खूप वेळाने "मी" येतो. बोलणं उतरवून काढताना या शब्दांखाली रेघ मारा. माणसाची आठवण कुठे संपते आणि गावाची कुठे सुरू होते हे कागदावर दिसायला लागतं.

सरळही विचारता येतं, पण उलटतपासणीचा सूर नको. "हे तुम्ही स्वतः पाहिलं का, की घरात बोलणं व्हायचं?" एवढं पुरतं. बहुतेक जण प्रामाणिकपणे सांगतात.

तारीख किंवा घटना चुकीची सांगितली तर लगेच दुरुस्त करावी का?

करू नका. माझ्या हातून ही चूक झाली आहे आणि तिची मला अजून खंत वाटते. गिरणाकाठच्या एका गावात एक आजी दुष्काळी कामावर खडी फोडल्याच्या दिवसांबद्दल बोलत होत्या. पोटात मूल, हातात हातोडी, संध्याकाळी सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं. इंदिरा गांधी गेल्या त्या साली हे झालं असं त्या म्हणाल्या. मी मध्येच म्हणालो, "आजी, ते बहात्तर साल. इंदिरा गांधी चौऱ्याऐंशीला गेल्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग तुले माहीत शे त तूच सांग." त्या दिवशी त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

नंतर त्यांच्या सुनेकडून कळलं की चौऱ्याऐंशी साली त्यांचे यजमान गेले होते आणि त्या पुन्हा मजुरीला लागल्या होत्या. दोन उपाशी काळ त्यांच्या मनात एक झाले होते. तारीख चूक होती, पण चुकीतच त्यांच्या आयुष्याचा आकार होता. मी तो ऐकण्याआधीच खोडून टाकला.

इटलीतल्या अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने असंच एक प्रकरण फार बारकाईने तपासलं आहे. तेर्नी या कारखान्यांच्या गावात १७ मार्च १९४९ ला नाटोविरोधी निदर्शनात लुइजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या गोळीने मेला. पण गावातले कितीतरी कामगार त्याचा मृत्यू १९५३ मधल्या कामगारकपातीच्या दंगलीत झाला असं सांगत. त्यांना तारीख माहीत नव्हती असं नव्हे. १९४९ ला त्यांना काहीच प्रत्युत्तर देता आलं नव्हतं. १९५३ ला ते रस्त्यावर उतरून लढले. आपला माणूस उगाच गेला नाही असं वाटण्यासाठी गावाने त्याचं मरण लढाईच्या दिवसाला नेऊन जोडलं.

म्हणून सांगतील तसंच लिहा आणि खरी तारीख समासात लिहा. दोन्ही ठेवा. माझं मत विचाराल तर माणसाची आठवण आणि नोंदलेली गोष्ट जिथे जुळत नाहीत तिथेच थांबून जास्त वेळ बसावं.

आमच्याकडे कोणालाच साल आठवत नाही. कालक्रम कसा लावायचा?

साल विचारूच नका. "तेव्हा मिलो खायचो का?" असं विचारा. अमेरिकेहून आलेली ती लाल ज्वारी बहात्तरच्या दुष्काळाशी घट्ट बांधलेली आहे. मिलो म्हटलं की सुकडी येते, दुष्काळी कामं येतात, विकलेले बैल येतात. त्याआधीच्या पिढीचं मोजमाप "मानमोडी" होतं, म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. ती पाहिलेलं आता कोणी नाही, पण "मानमोडीत आमचं अर्धं घर गेलं" हे वाक्य नातवंडांच्या तोंडी अजून ऐकलं आहे. आणीबाणी विचारायची तर नसबंदीबद्दल विचारा. वर्षातले महिने आखाजी (म्हणजे अक्षय्य तृतीया), पोळा, कापसाची वेचणी यांवरून लागतात. बायका बहुधा बाळंतपणांवरून काळ मोजतात आणि माझ्या अनुभवात तो हिशेब सर्वांत बिनचूक निघतो.

जुने कागद पाहताना जिल्ह्याचं नाव तपासा. १९०६ मध्ये खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. "पश्चिम खान्देश" असं छापलेलं असेल तर तो आजचा धुळे-नंदुरबारचा मुलूख. नंदुरबार वेगळा जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला.

माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सर्वांत जास्त आठवतं, असं मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. तेव्हा आधी जन्मसाल काढा आणि त्या वीस वर्षांना जास्त वेळ द्या.

घरातल्या बायका म्हणतात, "मला काय माहीत, यांना विचारा." मग काय करायचं?

"इतिहास" हा शब्द तोंडातून काढू नका. तो शब्द ऐकला की पुरुष खुर्ची पुढे ओढतात आणि बायका चहा ठेवायला उठतात. सार्वजनिक आठवण म्हणजे सभा, भाषणं, निवडणुका असं सगळ्यांनीच धरलेलं असतं, आणि तिथे बाईला जागा नव्हती.

चहाच्या मागोमाग स्वयंपाकघरात जा, अर्थात परवानगी असेल तर. सोबत एखादी मुलगी असलेली बरी. भूमिगत लोक घरात राहायचे तेव्हा भाकरी किती टाकायच्या, पीठ कुठून आणायचं, शेजारणीला काय सांगायचं, असं विचारा. बेचाळीसच्या चळवळीचा अर्धा कारभार चुलीपाशी चालला होता आणि तो कोणत्याही ताम्रपटावर नाही. त्या चुलीपाशी वावरलेल्या आता फारच थोड्या उरल्या आहेत. पण त्यांच्या लेकी-सुनांनी ऐकलेलं अजून ताजं आहे.

दुसरी वाट गाण्यांची. आखाजीला माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी, जात्यावरच्या ओव्या, कानबाईची गाणी. गाणं सगळ्यांचं असतं, पण गाताना बाई त्यात आपल्या भावाचं नाव घालते, सासरच्या गावाचं नाव घालते. सामायिक चालीत तिची एकटीची आठवण बसलेली असते. तीन बायकांकडून एकच गाणं घ्या आणि कुठे काय बदललं ते पाहा.

बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. १८८० मध्ये असोद्याला जन्मलेल्या, शेतात आणि घरात राबणाऱ्या या बाईचं काव्य तोंडातून येत होतं आणि घरातल्यांनी ते उतरवून घेतलं म्हणून राहिलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी ते छापलं गेलं. त्यांच्या घरात लिहून घेणारं माणूस होतं. ज्या घरांत तसं कोणी नव्हतं तिथलं किती गेलं असेल, या विचाराने मी अजून फिरतो.

बोलणं अहिराणीत असेल तर प्रमाण मराठीत लिहावं का?

अहिराणी ही खान्देशची बोली. आधी बोलले तसंच लिहा. "आमना गावले पूर उना" याचं "आमच्या गावाला पूर आला" केलं तर माहिती तीच राहते, पण माणूस बदलतो. लेवा पाटीदारांची बोली, गुजरी, भिलोरी, पावरी, मावची या सगळ्यांना हेच लागू. मराठी अर्थ शेजारी द्या.

म्हातारी माणसं पाहुण्याशी मुद्दाम शुद्ध मराठी बोलायला लागतात. तेव्हा आठवणही शुद्ध होते, म्हणजे शाळेतल्या पुस्तकासारखी. घरातल्या नातवाला प्रश्न विचारायला लावा. दोन वाक्यांत आजी अहिराणीवर येते आणि तिची आठवणही तिच्या घरात परत येते.

लिहून घेणाऱ्याचा हात बोलण्याला लागतोच, हेही विसरू नका. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी लिहून घेत. अठरा अध्याय, अठरा रविवार. साने गुरुजींची लेखणी तिथे नसती तर ते बोलणं भिंतींतच राहिलं असतं. पण बोलण्याचं लिहिणं होताना गळा, थांबणं, हसणं गळून पडतं. गुरुजींकडे यंत्र नव्हतं. आपल्याकडे आहे, म्हणून लिहून झालं तरी मूळ रेकॉर्डिंग पुसू नका.

एकाच गावात दोन घरं दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. खरी कोणती?

शहादा-तळोदा भागात १९७१ नंतर आदिवासी शेतमजुरांची मोठी चळवळ उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती, श्रमिक संघटना ही त्यातली नावं. हातची गेलेली जमीन, सालदारकी म्हणजे मालकाकडे सालाच्या बोलीवर राबणं, मजुरी हे प्रश्न होते. आज त्या भागातल्या सालदाराच्या घरी बसलात तर "आम्ही पहिल्यांदा मान वर केली" असं ऐकाल. मालकाच्या घरी "तोपर्यंत सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं" असं ऐकाल. यांचा मध्य काढून तिसरी गोष्ट तयार करू नका, ती कोणीच जगलेलं नाही. दोन्ही पूर्ण लिहा, आणि "गुण्यागोविंदाने" म्हणणाऱ्याला विचारा की सालदार जेवायला कुठे बसायचा. मग गोष्ट हलते.

कागद आणि आठवण यांच्यातही असंच होतं. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यातल्या अंबापाणीला खाज्या नाईक, भीमा नाईक यांचे भिल्ल आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. सरकारी कागद बंडाची भाषा बोलतात, कारण ते सरकारने लिहिले. भिल्लांच्या वस्त्यांत हेच लोक नायक आहेत. दीडशे वर्षांपूर्वीच्या घटनेचा साक्षीदार आता मिळणार नाही. पण एखादा समाज काय विसरायला तयार नाही, हे आजही नोंदवता येतं.

पडताळणी कुठे करायची?

शाळेचं जनरल रजिस्टर, गावची जन्म-मृत्यू नोंद, सातबारा आणि फेरफार, नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळी. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे १९२६ च्या शेवटच्या दिवशी धुळ्यातच वारले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या नावाने ते उभं राहिलं. गावोगाव पायी फिरून कागद गोळा करणाऱ्या माणसाचा ठेवा तिथे आहे. पडताळणी मुलाखतीनंतर करा, मुलाखतीत नको.

गावच पाण्याखाली गेलं असेल तर?

नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीकडची. मणिबेली हे नाव सर्वांना माहीत आहे, कारण तिथला संघर्ष देशभर गाजला. उरलेल्या गावांची नावं विचारा, बाहेरच्या माणसाला एकही सांगता येणार नाही. सार्वजनिक आठवण अशीच एका नावावर थांबते.

जागा हरवली की आठवण सांगायला आधार राहत नाही. देव कुठे होता, कोणत्या झाडाखाली पंचायत बसायची, नदी उतरायची जागा कोणती, हे दाखवायला बोट करावं तर समोर नुसतं पाणी किंवा वसाहतीतली सरळ रांग. अशा वेळी खडू घ्या आणि जमिनीवर गाव काढायला सांगा. एकाला नको, चार-पाच जणांना. "तुमचं घर इकडे नव्हतं, वर होतं" असे वाद सुरू होतात, आणि त्या वादांत प्रत्येकाची आठवण दुसऱ्याची आठवण जागी करते. एकट्याने दिलेल्या मुलाखतीत हे घडत नाही. नकाशाचा फोटो काढा आणि वादही नोंदवा.

सांगताना कोणी रडायला लागलं तर?

थांबा. पाणी द्या. रेकॉर्डिंग बंद करू का, हे विचारा. काही जण म्हणतात, चालू राहू दे. नंतर पुसून टाक म्हणाले तर त्यांच्यासमोर पुसा. नाव बदलायला सांगितलं तर बदला, आणि बदललेलं नावही गावात ओळखू येत असेल तर तालुकाही गाळा. खेड्यात एका वाक्याने दोन घरांचं बोलणं बंद होतं.

साधन कोणतं लागतं?

साधा मोबाईल चालतो. पंखा बंद करा, फोन विमान-मोडवर ठेवा, सुरुवातीला नाव, गाव, तारीख मोठ्याने बोला. त्याच रात्री दुसरीकडे एक प्रत करून ठेवा.

आजोबा यूट्यूबवर पाहिलेलं स्वतःच्या आठवणीत मिसळतात. ते टाकून द्यायचं का?

टाकू नका. पूर्वी कीर्तन, तमाशा, सिनेमा, पाठ्यपुस्तक हेच काम करत होते. फक्त मुलाखतीच्या शेवटी विचारा की या विषयावर काय पाहिलं, काय वाचलं, आणि ते उत्तर नोंदीत जोडा.

गोळा केलेलं शेवटी कोणाला द्यायचं?

सर्वांत आधी ज्यांच्या घरातून आणलं त्यांना. विद्यापीठ, ग्रंथालय, मंडळ हे त्यानंतर, आणि घरच्यांच्या परवानगीने.

पारोळ्याकडच्या एका घरी मी आजींच्या मुलाखतीची प्रत दिली होती. त्या गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला, घागर भरून झाल्यावर, सगळे ओसरीवर बसले आणि मुलाने ती लावली. आजी विहीर खणल्याची गोष्ट सांगत होत्या. पाणी लागलं तेव्हा गावभर गूळ वाटला, असं त्या म्हणाल्या. त्यांचे धाकटे दीर, वय ऐंशीच्या पुढे, एकदम म्हणाले, "गूळ नही, बत्तासा. आणि ते पाणी पह्यले मी देखं." आजींचा आवाज चालूच होता. नातीने तो थांबवला, फोन आजोबांच्या समोर ठेवला आणि म्हणाली, "आबा, आता तुम्ही सांगा."